फ्रेंच फुटबॉलमध्ये पैसा कतारने आणला नाही

पॅरिसच्या पीएसजी या क्लबने (2011 पासून मालक कतार) 2025 मध्ये इटलीच्या इंटरला 5-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हापासून आपल्याकडच्या फुटबॉल ग्रुप्सवर एकच पालुपद चालू आहे, की फ्रेंच क्लब म्हणजे कतारचा पैसा, त्याच्याआधी तिथे होतंच काय. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं. पैशाबद्दल माझी तक्रार नाहीये, पैसा तिथे पहिल्या दिवसापासून आहे. पण तो कुणाचा होता, कुठल्या गावात राहत होता, हे बघितलं की सगळी गोष्टच वेगळी दिसते, आणि ती गोष्ट फुटबॉलपासून नाही, सायकलपासून सुरू होते. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

पीएसजी ज्या मैदानावर खेळते ना, पार्क दे प्रँस, ते मुळात सायकलचं. 1897 मध्ये तिथे व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं मैदान, उघडला आणि तो चालवायला होता आंरी देग्रांज, तोच माणूस ज्याने पुढे टूर द फ्रान्स ही सायकल रेस उभी केली. 1967 पर्यंत टूरचा शेवट तिथेच व्हायचा. 1956 ची युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) पहिलीवहिली फायनलसुद्धा तिथेच झाली, रेआल माद्रिद 4, फ्रान्सचा रँस क्लब 3, आणि तेव्हा मैदानाभोवती सायकलचा ट्रॅक होता. आत्ताचं स्टेडियम 1972 चं, पीएसजी तिथे राहायला आली 1974 मध्ये. म्हणजे घर सायकलचं, भाडेकरू फुटबॉल. मार्से क्लबच्या मैदानाचंही तेच, 1937 चं व्हेलोड्रोम, सायकलचा ट्रॅक गेला तरी नाव आजही तेच आहे.

आता टूर कशी सुरू झाली ते बघा. त्या काळी 'ल वेलो' नावाचा हिरव्या कागदावर छापला जाणारा मोठा खेळाचा पेपर होता, संपादक पिएर जिफार. ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप झाला होता, त्या प्रकरणात अख्खा फ्रान्स दोन तट पडून भांडत होता आणि जिफार ड्रायफसच्या बाजूने होता, तर त्याच्या पेपरात जाहिराती देणारे मोटारी आणि सायकली बनवणारे कारखानदार, त्यांचा म्होरक्या काउंट द दियाँ, हे विरुद्ध बाजूचे. मग या लोकांनी जाहिराती काढून घेतल्या, स्वतःचा पिवळ्या कागदाचा पेपर काढला, 'लोतो', आणि देग्रांजला संपादक केलं. पेपर खपेना. तेव्हा जेओ लफेव्र नावाच्या तरुण पत्रकाराने सुचवलं की अख्ख्या फ्रान्सला फेरी मारणारी रेस घेऊया. 1903, 6 टप्पे, 2428 किलोमीटर, 60 जण निघाले, 21 पोचले, जिंकला मोरिस गारां, जो लहानपणी धुराडी साफ करायचा. पेपरचा खप तुफान वाढला आणि 'ल वेलो' पुढच्याच वर्षी बंद पडला. म्हणजे जगातली सगळ्यात सुंदर सायकल रेस ही एका पेपरने दुसऱ्या पेपरला संपवायला काढलेली युक्ती आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही, उलट तिथले लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून या रेसला आपलं करून बसले हीच मोठी गोष्ट आहे.

पॅरिस-रूबे ही एका दिवसाची सायकल रेस तर टूरच्याही आधीची, 1896 ची. रूबे हे कापड गिरण्यांचं गाव, तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीवाल्यांनी गावात व्हेलोड्रोम बांधला आणि त्याचा गाजावाजा व्हावा म्हणून थेट पॅरिसहून आपल्या गावापर्यंत रेस आणली. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. पैसेवाल्याला आपल्या गावाचं नाव व्हायला हवं होतं, कारण तो त्याच गावात राहत होता.

फुटबॉलमध्ये हेच घडलं. सोशो गावात प्यूजो या मोटार कंपनीचा कारखाना, तिथे 1928 मध्ये जाँ-पिएर प्यूजोने क्लब काढला आणि उघडपणे पैसे देऊन खेळाडू आणले, त्यातून फ्रान्समध्ये प्रोफेशनल फुटबॉलचा रेटा सुरू झाला आणि 1932 मध्ये लीग आली. सोशोने 1935 आणि 1938 ला ती जिंकली. प्यूजोची सायकल टीम तर वेगळीच, ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची जर्सी जुन्या फोटोंत बघितली असेल, बर्नार तेव्ने या सायकलपटूने 1975 आणि 1977 ची टूर प्यूजोकडूनच जिंकली. सँत-एतिएनला कासिनो दुकानांचे गिशार, स्टेडियमला नाव त्यांचंच, जर्सीचा हिरवा रंग कासिनोचा, आणि याच कासिनोने 1990 च्या दशकात सायकल टीमही चालवली. सँत-एतिएन हे सायकल बनवणाऱ्यांचंही गाव. तिथल्या पोल द विवीने गिअरच्या सायकलचा किती पुरस्कार केला, पण देग्रांजला गिअर अजिबात पसंत नव्हते, शेवटी 1937 साली टूरमध्ये डिरेलरला, म्हणजे चेन हलवून गिअर बदलणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळाली. 1976 मध्ये ग्लासगोला युरोपियन कपच्या फायनलमध्ये बायर्नकडून 1-0 हरलेली सँत-एतिएनची टीम परत आली तर पॅरिसमध्ये शाँझेलिझेवर तिची मिरवणूक निघाली, हरलेल्या टीमची! आणि त्या मॅचमध्ये दोन शॉट ज्या चौकोनी कडांच्या गोलपोस्टच्या आडव्या दांड्याला लागून परत आले ते पोस्टसुद्धा क्लबने पुढे विकत आणून म्युझियममध्ये ठेवलेत.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो उत्तरेकडचा कोळसा पट्टा. 1906 च्या मार्चमध्ये कुरिएरच्या खाणीत स्फोट झाला, 1099 माणसं गेली, आणि त्याच वर्षी शेजारच्या लाँस गावात फुटबॉल क्लब निघाला. त्यांचं स्टेडियम 1930 च्या मंदीत खाण कंपनीने बेकार झालेल्या खाणकामगारांच्या हातून बांधून घेतलं, कंपनीच्या डायरेक्टरचं नाव दिलं, बोलार. आज त्यात 38,000 माणसं मावतात आणि गावाची लोकसंख्या त्याहून कमी आहे. आणि पहिली टूर जिंकणारा गारां म्हातारपणी याच लाँसमध्ये राहिला, तिथे त्याचं गॅरेज होतं, 1957 मध्ये तिथेच वारला. याच पट्ट्यातला रेमाँ कोपा, पोलिश वंशाच्या खाणकामगार घरातला पोरगा, खाणीतल्या अपघातात त्याचं हाताचं बोट गेलं, तो 1956 ची ती फायनल रँसकडून खेळला आणि 1958 ला त्याला बालों द'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला. आणि जाँ स्ताब्लिन्स्की, तोही पोलिश घरातला, आरेंबेर्गच्या खाणीत कामाला होता, पुढे 1962 ला सायकलिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि 1968 मध्ये पॅरिस-रूबेसाठी दगडी रस्ते शोधत होते तेव्हा आरेंबेर्गच्या जंगलातला तो भयानक रस्ता त्यानेच दाखवला. ज्या जमिनीखाली तो कोळसा काढायचा तिच्यावरून तो रेसमध्ये गेला. हे दोघे एकाच मातीतले, एकाने बॉल धरला एकाने सायकल, एवढाच फरक.

लबाडी तेव्हाही होती, उगाच जुनं ते सोनं म्हणायचं नाही मला. टूरच्या दुसऱ्याच वर्षी पहिले चौघे बाद केले, त्यात गारांही होता, आणि 19 वर्षांच्या कोर्नेला विजेता ठरवलं. फुटबॉल लीगच्या पहिल्याच मोसमात आंतिब क्लबला लाचेच्या संशयावरून फायनल खेळू दिली नाही.

खरा बदल माझ्या मते बर्नार तापी या उद्योगपतीने आणला. तो पॅरिसचा, 1984 ला त्याने ला वी क्लेर ही सायकल टीम काढली, सायकलपटू बर्नार इनोला घेतलं, आणि इनो 1985 ची टूर जिंकला तेव्हा त्याच्या पायाखाली लुकचे नवे क्लिपलेस (पट्ट्याशिवाय बूट अडकवायचे) पेडल होते, लुक कंपनीही तापीचीच. त्या 1985 नंतर कुठल्याच फ्रेंच पुरुषाने टूर जिंकलेली नाही. 1986 ला तापीने मार्से घेतलं, 1993 ला मिलानला 1-0 हरवून ते युरोपचे चॅम्पियन झाले, आणि त्या फायनलच्या आधी झालेल्या वालांसिएनविरुद्धच्या मॅचसाठी पैसे चारल्याचं उघडकीला आलं, वालांसिएनचा खेळाडू जाक ग्लासमनने तोंड उघडलं म्हणून. लीगचं विजेतेपद गेलं, क्लब खालच्या डिव्हिजनला गेला, तापी तुरुंगात गेला. माणूस हुशार होता, पण क्लब ही विकत घ्यायची आणि पुढे जायची वस्तू आहे हे फ्रान्सला त्याने शिकवलं. 2011 मध्ये पीएसजी घेणारं कतार त्याच रस्त्याने आलं.

आणि गावचे मालक गेल्यावर काय झालं? प्यूजोने 2015 मध्ये सोशो हाँगकाँगच्या कंपनीला विकून टाकलं, 2023 ला क्लब बुडायला आला, थेट तिसऱ्या डिव्हिजनला ढकलला गेला, आणि वाचवला कुणी, तर तिथल्या स्थानिक उद्योजकांनी आणि चाहत्यांनी, आज चाहत्यांच्या संघटनेकडे क्लबचे शेअर आहेत. त्याच 2023 ला लाँस लीगमध्ये दुसरे आले, पीएसजी 85, लाँस 84. एक पॉइंट! हे कुणी ग्रुपवर टाकलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की कतारला शिव्या देऊन किंवा डोक्यावर घेऊन काही होणार नाही. सोशोसारखा चाहत्यांचा हिस्सा प्रत्येक फ्रेंच क्लबमध्ये कायद्याने असायला हवा, थोडा का असेना, पण असा की मालकाला स्टेडियम, रंग आणि गाव यांना हात लावताना त्यांची सही घ्यावी लागेल. तुम्हाला हे पटत नसेल तर कमेंटमध्ये मुद्द्याने सांगा, पण आधी लाँसची घरची एखादी मॅच पूर्ण बघा.