दुसरा मजला, जिन्याच्या मागे

परवा काळा घोड्याला एका हेरिटेज वॉकच्या घोळक्यात फुकटात शिरलो. एस्प्लनेड मॅन्शनसमोर गाईड मुलगी अगदी रंगात आली होती. ही इमारत म्हणजे १८७१ साली सुरू झालेलं वॉटसन्स हॉटेल, ऑर्डिश नावाच्या इंजिनीयरचं डिझाइन, विलायतेत ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया बोटीने आणून इथे जोडलेल्या. मग मार्क ट्वेन इथे उतरला होता ते, मग ७ जुलै १८९६ चा ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ. जमशेदजी टाटांना दारातूनच परत पाठवलं, हाही किस्सा झाला (पुरावा कुणी दाखवत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही). आणि तिथून उडी थेट २०१९ वर : हायकोर्टाचा आदेश, इमारत रिकामी. मधली सगळी वर्षं एका वाक्यात आटोपली, "नंतर भाडेकरू घुसले आणि वाट लागली."

घुसले? अहो, पावत्या फाडून घेऊन राहत होते ते!

मी त्या इमारतीत पहिल्यांदा गेलो ते १९९४ साली, बाबांबरोबर. गिरगावातल्या दोन खोल्यांवरून काका आणि बाबांची जुंपली होती आणि आमच्या वकिलांचं चेंबर दुसऱ्या मजल्यावर होतं. चेंबर म्हणजे काय, तर प्लायवूडच्या पार्टिशनमागे एक टेबल, तीन खुर्च्या आणि छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. शेजारच्या खोपटात टाइपरायटरचा खडखडाट, त्यापलीकडे नोटरी. सिटी सिव्हिल कोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुकारा व्हायच्या आत कारकून धावत जाऊन धावत परत यायचा. मी बाबांना विचारलं, "हे हॉटेल होतं ना?" बाबा म्हणाले, "असेल. तू जिना बघून चढ."

माझं म्हणणं एवढंच, की ही माणसंसुद्धा त्या इमारतीचा इतिहास आहेत. मार्क ट्वेन किती रात्री राहिला असेल? आमचे वकील तिथे तीस वर्षं बसले. तळमजल्यावरचं आर्मी रेस्टॉरंट अशिलांना चहा आणि धीर दोन्ही पुरवत होतं. ताज १९०३ मध्ये उघडलं, बडी गिऱ्हाइकं तिकडे वळली, वॉटसन्सची रया गेली. पुढे हॉटेलच्या खोल्यांचे तुकडे पडून गाळे झाले नसते, तर त्या लोखंडाचा कधीच भंगारात लिलाव झाला असता, असं मला तरी वाटतं.

पण भाडेकरूंची नुसती आरती करायची नाही मला. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १९४० च्या आकड्याला बांधून टाकलं. कायदा तात्पुरता होता, मुदत मात्र वाढतच गेली. फोर्टातल्या कितीतरी जुन्या इमारतींत मग एकच खेळ सुरू झाला. महिन्याचं भाडं चहापाण्याच्या खर्चाएवढं, आणि गाळा सोडताना पागडी, म्हणजे नव्या भाडेकरूकडून घेतलेली एकरकमी रक्कम, लाखांत, त्यात मालकाचा हिस्सा. पागडी घेताना मालक हजर, गळकं छत दाखवायला गेलं की गायब. भाडेकरूंचंही तेच : "मालकाने बघावं." मग पोटभाडेकरू आले, पोटमाळे चढले, अंगणावरचं काचेचं छत गेलं तरी कुणाचं काही अडलं नाही. ज्या भाड्यामुळे नव्या वकिलाला कोर्टासमोर टेबल परवडलं, त्याच भाड्याने त्या लोखंडाला रंगाचा हात मिळू दिला नाही. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने एक कोटी आणि त्यावर भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं गोठलेल्या भाड्याचं संरक्षण काढून घेतलं, पण इथल्या टायपिस्टाचं आणि नोटरीचं कसलं आलंय भांडवल!

२००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एक माणूस गेला. त्यानंतरही चौदा वर्षं माणसं तिथेच वकालतनामे लिहीत होती, हे मला आजही कळत नाही. की कळतं? दुसरीकडे जायचं म्हणजे लायसन्सवर अकरा महिन्यांची जागा आणि बाजारभावाचं भाडं. आयआयटीच्या अहवालाने इमारत पाडा म्हटलं, जतनवाल्या वास्तुविशारदांनी वाचवता येईल म्हटलं. मला विचाराल तर वाचवावी. फक्त वाचवून पुन्हा हॉटेल करायचा घाट घालू नये. दोन मजले तरी कोर्टाच्या माणसांना रास्त भाड्याने द्यावेत, आणि दुरुस्तीचा पैसा त्याच भाड्यातून दर महिन्याला बाजूला पडावा. कुणी ऐकणार नाही, ठाऊक आहे.

आमची केस २००३ मध्ये तडजोडीने मिटली. काका-बाबा दोघेही आता नाहीत. परवा घरी येऊन माळ्यावरची फाईल काढली. वकिलांच्या लेटरहेडवर पत्ता छापलाय : एस्प्लनेड मॅन्शन, दुसरा मजला. आणि त्याखाली, अशील चुकू नये म्हणून, बाबांनी बॉलपेनने लिहून ठेवलंय, "जिन्याच्या मागे, टायपिस्टला विचारणे."