रक्ताला माझी ना नाही

(स्पॉयलर भरपूर आहेत. सिनेमे जुने आहेत, तरी सांगून ठेवते. जेवताना वाचू नका.)

गेल्या रविवारी भाचा आला होता. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, भूक कायमची. मटण-भाकरीचं ताट मांडीवर घेऊन त्याने टीव्हीवर २०२२चा ‘टेक्सस चेनसॉ मॅसकर’ लावला. त्यात एक बस आहे. रंगीत दिवे, पार्टी, तरुण पोरं. लेदरफेस, म्हणजे त्यातला कातडीचा मुखवटा घातलेला खुनी, करवत घेऊन आत शिरतो आणि ती पोरं आधी मोबाईल वर करून त्याचं शूटिंग करतात. पुढची काही मिनिटं निव्वळ खिमा. हात, आतडी, काचांवर चिळकांड्या. भाचा नळी चोखत बघत होता. बस रिकामी झाल्यावर म्हणाला, “भारी होतं. मावशी, अजून रस्सा आहे का?”

रस्सा वाढला. त्याच्या भुकेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सगळी बस कापून काढली आणि त्यातल्या एकाचंही नाव आम्हा दोघांना सांगता आलं नसतं. हे डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट.

आधीच सांगते, मी सोवळी नाही. स्लॅशर सिनेमे, म्हणजे खुनी एकेकाला कापत सुटतो ते, मी सतराव्या वर्षापासून बघते. तेव्हा कॉलेजमधल्या कुणाकडून तरी व्हीसीडी यायच्या. दोन डिस्कचा सिनेमा, पहिली संपली की अंधारात चाचपडत उठून दुसरी घालायची. त्यामुळे “हल्ली किती हिंसा दाखवतात बाई” हा सूर माझ्याकडून अपेक्षू नका. रक्त पाहिजेच. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मुख्यतः रिमेकबद्दल आहे. २००३ ते २०१० या काळात हॉलिवुडने सत्तर-ऐंशीच्या दशकातले जवळपास सगळे गाजलेले स्लॅशर पुन्हा काढले. मायकल बे आणि त्याच्या भागीदारांच्या प्लॅटिनम ड्यून्स या कंपनीने त्याची फॅक्टरीच घातली. ‘टेक्सस’च्या २००३च्या रिमेकला साधारण ९५ लाख डॉलर लागले आणि जगभरातून दहा कोटींच्या वर आले. मग कोण थांबतंय? पाठोपाठ ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’.

आता मूळ ‘टेक्सस’ घ्या. दिग्दर्शक टोबी हूपर, १९७४. नाव ऐकून वाटतं की पडद्यावर रक्ताचा पाट असणार. प्रत्यक्षात रक्त इतकं कमी आहे की नवखा माणूस गंडतो. हूपरला पीजी, म्हणजे मुलांनाही बघता येईल अशा सर्टिफिकेटची आशा होती, म्हणून त्याने हात आखडता घेतला. अर्थात पीजी मिळालं नाही. तिकडे ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने १९७५ साली सिनेमा नाकारला. कापून चालेल का, याचाही विचार झाला. पण कापायचं काय? भीती सगळ्या सिनेमाभर मुरलेली, लोणच्यातल्या मिठासारखी. शेवटी १९९९ साली एकही कट न लावता तो पास झाला.

त्यातला आकड्याचा प्रसंग बघा. पॅम नावाची मुलगी झोपाळ्यावरून उठून त्या पांढऱ्या घराकडे चालत जाते. कॅमेरा झोपाळ्याखालून, जमिनीलगत तिच्या मागे सरकतो. लाल चड्डी, उघडी पाठ. ती पाठ आपण नीट, सावकाश बघतो आणि तेव्हा काहीच घडत नाही. थोड्या वेळाने लेदरफेस तिला उचलतो आणि खाटकाच्या आकड्याला टांगतो. आकडा आत शिरताना दिसत नाही. दिसतो तिचा चेहरा, आणि खाली ठेवलेला टब.

टब!

माझे बाबा रविवारी मटण आणायला मला सोबत न्यायचे. खाटकाच्या दुकानात टांगलेल्या बोकडाचं मला कधी काही वाटलं नाही. भीती वाटायची रिकाम्या आकड्याची. तो हलत असायचा जरासा, आणि त्याच्याखाली फरशी धुतलेली असायची. आकडा कशासाठी असतो हे शाळकरी पोरीलाही कळतं, कुणी समजावून द्यावं लागत नाही. हूपरने नेमकं तेवढंच वापरलंय. पाठ आधी दाखवली, टब नंतर दाखवला, मधला हिशोब माझ्यावर सोडला. मी तो केला आणि आजतागायत करतेय.

२००३च्या रिमेकमध्येही आकडा आहे. इथे अँडी नावाच्या मुलाचा पाय करवतीने आधी उडवला जातो, मग त्याला टांगतात, मग त्या खुंटावर मीठ चोळून तो कागदात गुंडाळतात. सगळं नीट, उजेडात, जवळून. गंमत म्हणजे कॅमेरामन तोच! डॅनियल पर्ल. १९७४ सालीही तोच, २००३ सालीही तोच. म्हणजे नजर तीच होती, ती कुठे वळवायची हे ठरवणारे बदलले. दिग्दर्शक मार्कस निस्पेल जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओंतून आलेला, त्यामुळे घामसुद्धा परफ्यूमच्या जाहिरातीसारखा चमकतो. सुरुवातीलाच व्हॅनमध्ये बसलेली एक मुलगी तोंडात पिस्तूल घालून गोळी झाडून घेते, आणि कॅमेरा मागे सरकत तिच्या डोक्याला पडलेल्या भोकातून बाहेर येतो. अक्षरशः जखमेतून आरपार. पहिल्यांदा बघताना मी “वा!” म्हणाले होते. खोटं कशाला बोलू? शॉट अफलातूनच आहे. पण त्या मुलीचं पुढे मला काहीच वाटलं नाही. तिचं डोकं म्हणजे कॅमेऱ्याला जायला एक खिडकी.

त्याच जागी मूळ सिनेमात काय होतं? व्हॅनमध्ये घेतलेला तो विचित्र पोरगा व्हॅनमधल्याच फ्रँकलिनचा चाकू घेऊन स्वतःचाच तळवा कापतो. एवढंच. नंतर वस्तऱ्याने फ्रँकलिनच्या हातावर एक वार. भाजी चिरताना बोट कापलेल्या कुणालाही ते पोटात जाणवतं. पिस्तुलाने डोक्याला पडलेलं भोक आपल्यापैकी कितीजणांनी अनुभवलंय?

रिमेकवर अन्याय नको. त्या २००३च्या सिनेमातली मला खरी लागलेली जागाही त्याच आकड्याशी आहे. नायिका एरिन तळघरात अँडीला शोधते आणि त्याला आकड्यावरून वर उचलायचा प्रयत्न करते. जमत नाही. पुन्हा करते, तरी जमत नाही. तो वेदनेने ओरडतोय आणि हिची ताकद कमी पडतेय. शेवटी त्याच्याच विनवणीवरून ती त्याला संपवते. मीठ, कागद, तुटलेला पाय, कशानेही जे झालं नव्हतं ते त्या उचलण्याने होतं. कुणाला तरी तो माणूस परत हवा होता, म्हणून.

आणि मला वाटतं मुद्दा इथेच आहे. रक्त किती लिटर, हा प्रश्नच नाही. मेलेल्याचं कुणाला काही आहे का?

कारण उलटी उदाहरणंही आहेत. २००८चा ‘प्रॉम नाइट’चा रिमेक पीजी-थर्टीन, म्हणजे शाळकरी पोरांनाही चालेल असा, रक्ताचा जेमतेम थेंब. आणि सिनेमा? उकडलेला दुधी. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण मुठीत काहीतरी असावं लागतं. आणि आम्ही जुन्या लोकांनी ‘संयम, संयम’ म्हणून ज्याची आरती ओवाळली त्यातला बराचसा संयम नाइलाजाचा होता. कुणाकडे पैसे नव्हते, कुणाला सर्टिफिकेट हवं होतं. १९८१चा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ अमेरिकन रेटिंगवाल्यांनी इतका छाटला की त्यातले काही तुकडे लोकांना थेट २००९ साली डीव्हीडीवर बघायला मिळाले, त्याचा थ्रीडी रिमेक आला तेव्हा. त्यांना दाखवायचंच होतं हो. दाखवू दिलं नाही.

आणि ज्यांनी दाखवलं त्यांचीही एक शान होती. १९८०च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये केव्हिन बेकन पलंगावर पडलाय, खालून हात येऊन त्याचं कपाळ धरतो आणि बाणाचं टोक गळ्यातून वर येतं. मेकअप-इफेक्टवाल्या टॉम सॅव्हिनीचं काम. हा माणूस व्हिएतनाम युद्धात फोटोग्राफर होता, त्यामुळे खरी जखम कशी दिसते हे त्याने पाहिलेलं होतं. शॉट चालू असताना रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तर पलंगाखालच्या सहाय्यकाने ती तोंडात धरून फुंकली. म्हणून ते रक्त असं बुडबुडत येतं. कॉम्प्युटरला हे सुचेल? २०१०च्या ‘एल्म स्ट्रीट’मध्ये त्यातला खुनी फ्रेडी भिंतीतून वाकतो तो शॉट बघा आणि मग १९८४चा बघा. मूळ दिग्दर्शक वेस क्रेव्हनच्या वेळी भिंतीच्या जागी ताणलेलं स्पँडेक्सचं कापड होतं, मागून एक माणूस त्यात चेहरा आणि हात रेटत होता. बस. सव्वीस वर्षांनी कॉम्प्युटरने केलेला फ्रेडी म्हणजे ओल्या पीठात कुणीतरी लोळतंय. वजनच नाही त्याला.

रॉब झॉम्बीने केलेल्या ‘हॅलोवीन’च्या रिमेकवर (२००७) माझं नि मित्रमंडळींचं जुनं भांडण आहे. जॉन कार्पेंटरच्या १९७८च्या सिनेमात सहा वर्षांचा मायकल बहिणीला मारतो, आईवडील मुखवटा काढतात, आत एक कोरा चेहरा. कारण? नाही. झॉम्बीने कारणांचं गाठोडंच सोडलं. आईचा दारुडा बॉयफ्रेंड, स्ट्रिप क्लबात नाचणारी आई, शाळेत छळणारी पोरं. जखमही उघडी, कारणही उघडं, आता मी घाबरायचं कशाला? मी त्या सिनेमाला बरीच वर्षं नावं ठेवली.

पण त्याचा दुसरा भाग, २००९चा, परत बघा. अ‍ॅनीचा खून. ज्या माणसाने आधीच्या भागात एकेकाला मिनिट-मिनिट रगडलं, तो झॉम्बी इथे खून फारसा दाखवतच नाही. आपण पोचतो ते नंतर, बाथरूममध्ये. आणि मग तिचा बाप, शेरीफ ब्रॅकेट, घरी येतो. ब्रॅड डूरिफने ते केलंय. त्याच्या मोडण्याच्या मधोमध झॉम्बी अ‍ॅनी झालेल्या डॅनिएल हॅरिसचं लहानपणीचं खरं चित्रण टाकतो. छोटी पोरगी, हसतेय. मी हे एकदाच नीट बघितलं, दुसऱ्यांदा त्या जागी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. एवढ्या रक्तबंबाळ माणसाला नेमकं कुठे थांबायचं हे कळत होतं तर!

भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “मावशी, तू सतराची होतीस तेव्हा बघितलास. सतराव्या वर्षी सगळंच लागतं.” बरोबर आहे त्याचं. म्हणून रात्री त्याला १९७४चा लावून दिला. पहिला खून व्हायला अर्धा तास उलटतो, तोवर त्याने मोबाईलवर काय काय बघून घेतलं. मग त्या टोळक्यातला कर्क त्या घरात शिरतो, लेदरफेस दारात येतो, हातोडा, कर्कचे पाय तडफडतात, अजून एक घाव, आत ओढतो, लोखंडी दार धाडकन बंद. काही सेकंदांचा मामला. भाचा म्हणाला, “एवढंच?” आणि रिमोट घेऊन मागे गेला. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, “मगाशी व्हॅनमध्ये ते कत्तलखान्याचं बोलत होते ना, हातोड्याने गुरं मारायचं?” मी काही बोलले नाही.

बसवाल्या सिनेमात त्याने एकदाही मागे नेलं नव्हतं.

जाताना त्याला १९७४चाच कॅनडातला ‘ब्लॅक ख्रिसमस’ बघायला सांगितला. २००६चा रिमेक बघू नकोस म्हटलं. त्यात खुन्याची अख्खी जन्मकुंडली आहे, डोळे उपटणं आहे, आणि आईच्या मांसाची साच्याने कापलेली ख्रिसमसची बिस्किटं आहेत. (हो. खरंच आहेत.) मूळ सिनेमात पहिला बळी क्लेअर. कपड्यांच्या कपाटात, तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी. खुनी तिला माळ्यावर नेऊन झुलत्या खुर्चीत, खिडकीपाशी बसवतो. रक्त शून्य. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला येतात, सांगितलेल्या ठिकाणी उभे राहतात, वाट बघतात. नंतर सिनेमाभर ते असे कोट घालून, चष्मा सावरत पोरीला शोधत फिरतात आणि ती त्याच घरात, वरच्या खिडकीत.

परवा रात्री दीड वाजता भाच्याचा मेसेज आला.

“ते काका माळ्यावर कधीच जात नाहीत का?”

मी लिहिलं, नाही.

“पोलीस पण?”

नाही.

बराच वेळ तो टायपिंग दिसत होता. मग आलं, “खाली गाडी उभी आहे, खिडकीतून दिसतेय ती. कुणीतरी वर बघा ना यार.”