वुवुझेला आणि ‘परभणीत बसून’

वुवुझेला, म्हणजे फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक फुंकतात तो प्लास्टिकचा लांब भोंगा, नुसता गोंगाट करतो, त्यापेक्षा प्रेक्षकांनी गावं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. वुवुझेलाला गोंगाट म्हणणं हा युरोपचा चष्मा आहे, इंग्लंडचे प्रेक्षक गाण्यातून शिव्याच देतात, आणि ‘परभणीत बसून टीव्हीवर मॅच बघणाऱ्यानं स्टेडियमच्या आवाजावर बोलू नये’, असं आपलं म्हणणं.

त्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो. ते मला लागलं, आणि ते लागावं म्हणूनच लिहिलेलं दिसतं.

परभणीत राहणाऱ्याला कान नसतात का? माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. नवा टाळकरी जोर दाखवायला लागला की हात न थांबवता त्याच्याकडे नुसतं बघायचे, की तो खाली यायचा. जत्रेतल्या कुस्त्यांना मी फडाच्या कडेला बसायचो, ते हलगीवाल्याच्या शेजारची जागा धरून. त्याची नजर हलगीवर नसायची, पैलवानांवर असायची. खडाखडी चालू असेतो हलगी सावकाश, पट निघाला की एकदम चढायची. न बघताही कळायचं की आत काहीतरी झालं. म्हणजे माझा वाद वाद्याशी नाही, हे मूळ लेखातही होतं. आपण तिथपर्यंत वाचलं असतं तर बरं झालं असतं. माझा वाद खेळाकडे न बघता वाजणाऱ्या वाद्याशी आहे.

वुवुझेला खेळाकडे बघूच शकत नाही. त्यातून साधारण एकच सूर निघतो, आणि हजारो लोक तोच फुंकतात. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या त्शाबालालानं मेक्सिकोवर ५५ व्या मिनिटाला गोल केला. काय गोल होता तो! पण भोंग्याचा सूर गोलच्या आधी जो, तोच नंतर. रात्री १२ च्या मॅचला आवाज बंद करून बसणारा मी एकटा नव्हतो. गाणाऱ्या मैदानात असं होत नाही. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावर संघ मागे पडला की गाणं आधी दबतं, मग कोपऱ्यातून कुणीतरी पुन्हा उचलतं, आणि ते खेळाडूपर्यंत पोचतं. एवढा फरक कळायला विमानाचं तिकीट लागत नाही.

गाण्यांत शिव्या असतात, वंशद्वेषीसुद्धा असतात, हे मान्य. त्या गाणाऱ्यांना मैदानाबाहेर काढावं. भोंगा त्यावरचा उपाय नव्हे.

राहिला युरोपचा चष्मा. प्लास्टिकचा वुवुझेला कारखान्यातून भरमसाट निघू लागला तो २००१ च्या सुमाराला. दक्षिण आफ्रिकेचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून मैदानात गातात. १९९५ च्या रग्बी विश्वचषकात अख्खी स्टेडियमं गात होती. त्यांचंच गाणं त्या भोंग्यानं गिळलं. २०१० च्या सप्टेंबरात युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघानं, आपल्या स्पर्धांत त्याच्यावर बंदी घातली, तेव्हा प्रेक्षकांचा आवाज परत ऐकू यावा हेच कारण दिलं होतं. मला ते पटलं, आजही पटतं.

आपण स्टेडियममध्ये बसून सामने पाहिले असतील तर तिथं काय ऐकलं ते लिहा, मी मन लावून वाचेन. पण मी कुठं बसतो याची चौकशी नको.