घाऊक बदल्या

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडून बसलो, तर आईने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसलं रे काम?"

"माणसांची खाती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवायचीत. ६४३ आहेत."

मराठीत अकाउंटही खातं आणि डिपार्टमेंटही खातं, त्यामुळे मी काय बोललो ते माझं मलाच नीट कळलं नाही. आईला मात्र बरोबर कळलं. बाबांच्या सरकारी नोकरीत निम्मा महाराष्ट्र बिऱ्हाडासकट फिरलेली बाई ती. पोह्यांवरचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. "म्हणजे बदल्या तू करतोस? मग आपल्या बंडूचं बघ ना, चार वर्षं गडचिरोलीत पडलाय."

आमच्या कंपनीत 'पुनर्रचना' झाली होती. म्हणजे माणसं तीच, खुर्च्या त्याच, विभागांची नावं नवी. प्रत्येकाचं लॉगिन ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावाच्या वाड्यात राहतं. विंडोज २००० बरोबर आलेला हा वाडा, आत ओयू नावाच्या खोल्या. माउसने ओढून एकेकाला हलवता येतं. पण मग संगणक दर वेळी घरच्या वडीलधाऱ्यासारखा विचारतो, 'असं हलवल्याने व्यवस्था बिघडू शकते, नक्की ना?' ६४३ वेळा कोण उत्तर देणार? म्हणून पॉवरशेल, म्हणजे माउस सोडून आज्ञा टाइप करायची निळी खिडकी. तिथे 'मूव्ह-एडीऑब्जेक्ट' म्हटलं की गुपचूप काम होतं. पॉवरशेल काही विचारत नाही याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

या आज्ञेला लॉगिनचं नाव सांगून चालत नाही, पूर्ण पत्ता लागतो: आधी माणूस, मग खोली, मग वाडा, मग गाव. आपलं मु. पो., ता., जि. तसंच. शिवाय एचआरच्या मॅडमनी पाठवलेल्या यादीत कर्मचारी क्रमांकापुढची शून्यं एक्सेलने गिळलेली. ती परत चिकटवण्यात पोहे गार झाले.

मी अगदीच बेजबाबदार नाही. आधी 'व्हॉट-इफ' लावून रंगीत तालीम केली. यात प्रत्यक्षात काही हलत नाही, नुसतं 'याला हलवलं असतं' असं छापून येतं. ६४३ ओळी आल्या. पहिल्या पाच वाचल्या, मधल्या दोन, शेवटची एक. लाल काही नव्हतं. मग खरी आज्ञा दिली आणि चहा संपायच्या आत ६४२ बिऱ्हाडं हलली.

एक अडलं. आमच्याकडे सचिन पाटील दोन. आजवर वेगवेगळ्या खोल्यांत सुखाने राहत होते, आता दोघांना एकाच खोलीत टाकलं. डिरेक्टरीला एका खोलीत एका नावाचे दोघे चालत नाहीत. आमच्या गावी एका वाड्यात चार पाटील नांदतात, पण ते असो. सोमवारी बघू म्हटलं.

सोमवारी सव्वानऊला फोन वाजला. हिशेब विभागाचे काका, निवृत्तीला सात महिने उरलेले. "अहो, माझ्या स्क्रीनवर 'नवीन प्रशिक्षणार्थींचे स्वागत' आलंय, आणि कंट्रोल पॅनेल उघडत नाही."

प्रत्येक ओयूचे नियम वेगळे. खोली बदलली की लॉगिन करताच नवे नियम लागू. दहापर्यंत कळलं की तीन विभागप्रमुख प्रशिक्षणार्थी आहेत आणि कालपरवा लागलेली पोरं संचालकांच्या खोलीत. मॅडमकडे गेलो. त्यांनी यादी विभागवार लावली होती. एक्सेलने विचारलं होतं, 'शेजारचे रकानेही सोबत घेऊ का?' मॅडम म्हणाल्या, "मला फक्त विभागच लावायचे होते ना!" म्हणून फक्त विभागच सरकले. नावं जागच्या जागी, विभाग पत्त्यांसारखे पिसलेले.

पूर्ववत करायचं तर हलवण्याला 'अन्डू' नाही. रिसायकल बिन आहे, पण तो पुसलेल्यांसाठी. भलत्या खोलीत गेलेल्यांना तो विचारत नाही. जुने पत्ते मी कुठे जपून ठेवले होते? कुठेच नाही. घाम पुसत लॅपटॉप उघडला, तर शनिवारची निळी खिडकी तशीच उघडी. आळसाने बंद केली नव्हती. वर सरकत गेलो: व्हॉट-इफच्या त्याच न वाचलेल्या ६४३ ओळी, आणि प्रत्येकीत त्या माणसाचा जुना, पूर्ण पत्ता! आता एकूण एक ओळ वाचली. सावकाश, बोट ठेवून, पोथी वाचावी तशी.

दुपारी सगळे घरी परतले. तरी नियम आपोआप बदलायला ९० मिनिटं आणि वर अर्ध्या तासापर्यंतची संगणकाची लहर, म्हणून टेबलाटेबलाशी जाऊन 'जीपीअपडेट फोर्स', म्हणजे 'नियम आत्ताच बदल' ही आज्ञा, मारत फिरलो. नागपूर शाखेला बदल दर तीन तासांनी पोचतात. त्यामुळे तिथले व्यवस्थापक संध्याकाळपर्यंत प्रशिक्षणार्थीच होते. "बरं वाटलं हो," ते फोनवर म्हणाले, "आज कुणी सह्या मागितल्या नाहीत."

रात्री घरी पोचलो. आईने ताट वाढता वाढता विचारलं, "झाल्या का बदल्या?"

"झाल्या. आणि सगळ्या रद्दही झाल्या."

"वाटलंच," आई म्हणाली. "कुणाचा वशिला होता?"