मखराआडचा चंद्र

अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये गौरी बसवायच्या म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. आमच्या न्यू जर्सीच्या घरात हॉलची एकच भिंत मोकळी आहे आणि तिच्यावर टीव्ही आहे. म्हणून गौरी दरवर्षी टीव्हीपुढे उभ्या राहतात. टीव्हीवर पैठणी सोडली की मागचा पडदाही आयता होतो. २०२४ साली मात्र गौरीपूजन आलं ११ सप्टेंबरला, बुधवारी, आणि त्याच संध्याकाळी आठ वाजता एमटीव्हीचे व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स, म्हणजे गाण्यांच्या व्हिडिओंचा पुरस्कार सोहळा!

"फोनवर बघ ना," मी लेकीला म्हटलं.

"फोनवर मैत्रिणींशी त्याबद्दल बोलायचं असतं, बाबा."

शेवटी तह झाला. पैठणी उतरवायची, आवाज अगदी बारीक ठेवायचा, आणि ज्येष्ठा-कनिष्ठेच्या मधल्या वीतभर फटीतून दिसेल तेवढं बघायचं.

हळदीकुंकवाच्या बायका आल्या तेव्हा त्या फटीतून रॅपर एमिनेम दिसत होता. एक नाही, त्याच्यासारखे दिसणारे कितीतरी. डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई म्हणाली, "एकाच घरातले दिसतात सगळे."

तिला कळावं म्हणून मी इतिहास सांगायला बसलो. हा सोहळा १९८४ पासूनचा. पहिल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये मॅडोना नवरीच्या वेषात भल्यामोठ्या केकवरून उतरली आणि गाता गाता स्टेजवर लोळली.

"लग्नात?" आईने विचारलं.

२००९ मध्ये कान्ये वेस्टने टेलर स्विफ्टच्या हातातला माईक काढून घेतला, हे मात्र तिला लगेच पटलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणी ना कुणी हेच करायचं. २०१० साली लेडी गागा कच्च्या मांसाचा पोशाख घालून आली होती, ते मी गिळून टाकलं. आत सोळा भाज्या शिजत होत्या.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणारी मेगन दी स्टॅलियन अंगावर भलाथोरला पिवळा अजगर घेऊन आली. २००१ साली ब्रिटनी स्पीअर्सने असाच अजगर खांद्यावर घेतला होता, त्याची ही नक्कल. पण आमच्या फटीतून ना मेगन दिसत होती ना ब्रिटनी, दिसत होता तो फक्त कनिष्ठेच्या खांद्यामागून वर येणारा साप. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हातातली करंडी खाली ठेवून नमस्कार केला. "यंदा डेकोरेशन हलतंसुद्धा!" त्या म्हणाल्या. आम्ही कुणीच खुलासा केला नाही.

एक शंका मला पहिल्यापासून होती. पुरस्कार व्हिडिओंना, पण व्हिडिओ कुठे आहेत? दोन-चार सेकंद झलक दाखवतात आणि जाहिराती लागतात. हे म्हणजे पाककृती स्पर्धेत पदार्थ झाकून ठेवायचा आणि सुगरणीची साडी बघायची. वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला टेलर स्विफ्टचा 'फोर्टनाईट'. आईने अर्थ विचारला. पंधरवडा, म्हटलं.

"पितृपंधरवड्याला अजून आठवडा आहे रे," ती म्हणाली.

खरा अनर्थ झाला तो आरतीला. लेकीची लाडकी गायिका चॅपल रोन चिलखत घालून जळता बाण सोडत होती आणि इकडे मी कापूर पेटवला, जरा सढळ हातानेच. स्मोक अलार्म केकाटू लागला. मी सोवळ्यानिशी स्टुलावर चढून उपरण्याने वारा घालू लागलो, आणि ती वीतभर फट माझ्या पाठीने बुजली. अलार्म थांबला तेव्हा गाणंही संपलं होतं.

"तुम्ही मुद्दाम केलंत," लेक म्हणाली.

"मुद्दामच केलं," बायकोने दुजोरा दिला. तिला त्या कापराचा हिशोब आधीपासूनच मांडायचा होता.

रोनला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला तेव्हा फटीत तिच्या हातातली मूर्ती चमकली. झेंडा घेऊन उभा असलेला चांद्रवीर. आईने चष्मा पुसून नीट पाहिलं.

"हा चंद्रावरचा का रे? आणि तू तो चतुर्थीपासून बघतोयस?"

सोहळ्याच्या जाहिराती खरंच शनिवारपासून, म्हणजे चतुर्थीपासून, चालू होत्या.

"मग आळ येणारच," असं म्हणून आई पुरणपोळ्या वाढायला आत गेली.