पडल्यावरही हात पोचतो : काकाजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकाजी, नमस्कार.

महिलांच्या शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगवरच्या (बर्फावरच्या छोट्या फेरीत पात्यांच्या बुटांवर घसरत धावायची शर्यत) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते बाकी वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. हा खेळ म्हणजे निव्वळ नशीब, पुढचे पडले की मागचा जिंकतो. कोरियाच्या चोई मिन-जोंगवर अन्याय झाला हे माझं म्हणणं चुकीचं, नियम मोडला की शिक्षा होणारच. आणि शेवटचं, मला सगळ्यात लागलेलं : जिथं मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं तिथल्या पोरींना बर्फ दाखवून काय मिळणार, त्यापेक्षा आपल्या खो-खोवर लिही.

चोईचं आधी घेते, कारण तिथं तुमचंच बरोबर आहे. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तिनं दुसरी येऊन रेषा ओलांडली. पहिली आलेली इटलीची अरियाना फोंताना आणि ती, दोघींत अंतर इतकं कमी की फोटो पाहूनच निकाल लागला. मग पंचांनी चित्रफीत तपासली आणि कॅनडाच्या किम बूतँला अडथळा केला म्हणून चोईला बाद ठरवलं. कांस्य बूतँला गेलं. मी लिहिलं होतं, ‘पदक हिसकावून घेतलं’. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ती शर्यत पुन्हा हळूहळू पाहिली. चोई बाहेरून पुढे जाते तेव्हा तिचा हात मधे येतोच. तिच्यावरच्या मायेनं माझी नजर आंधळी झाली होती. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. चारच दिवसांनी तिनं १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, हेही त्या लेखात यायला हवं होतं, ते आता घातलंय.

नशिबाचं मात्र मला पटत नाही. तुम्ही २००२ च्या सॉल्ट लेक सिटीचं उदाहरण दिलंत, शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही आडवे झाले आणि मागून येणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सुवर्ण घेऊन गेला. झालं तसंच. पण ती पुरुषांची एक शर्यत. बायकांच्या शर्यती पाहा. २०१८ मध्ये ५०० मीटर फोंतानानं जिंकलं, १००० नेदरलँड्सच्या सुझान शुल्टिंगनं, १५०० चोईनं. २०२२ ला बीजिंगमध्ये? ५०० फोंताना, १००० शुल्टिंग, १५०० चोई. चार वर्षं मधे गेली, तरी तिन्ही शर्यतींत त्याच तिघी. फोंतानानं पहिलं पदक २००६ मध्ये आपल्याच देशात, तुरिनला, पंधराव्या वर्षी घेतलं आणि २०२२ पर्यंत तिची ११ ऑलिम्पिक पदकं झाली. नशीब कुणाच्या मागं सोळा वर्षं चालत नाही, काकाजी.

पडण्याचा वाटा मी नाकारत नाही. ब्रिटनची एलिस क्रिस्टी २०१७ ची जगज्जेती, पण २०१४ आणि २०१८ अशा दोन्ही ऑलिम्पिकमधून ती पदकाशिवाय परतली, कधी पडून, कधी बाद होऊन. तिच्या शर्यती पाहताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. अवघी १११.१२ मीटरची फेरी, ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेग, आणि सगळी वळणं डावीकडं. वळणात अंग इतकं झुकतं की डावा हात बर्फाला टेकतो. म्हणून त्या हातमोज्याच्या बोटांना कडक टोकं बसवलेली असतात, बर्फावरून सरकावीत अशी. बुटाखालचं पातंही मधोमध नसतं, डावीकडं सरकवून बसवलेलं असतं, वर त्याला वळणाच्या दिशेनं किंचित वाकवलेलं. दोन शर्यतींच्या मधे माणसं बादल्या घेऊन वळणावर पाणी ओततात, पात्यांनी पडलेल्या चरा भरून निघाव्यात म्हणून. इतकी तयारी नशिबाच्या खेळाला कुणी करत नाही.

आता आमच्या पोरींचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण तो लेख लिहायचं खरं कारण हेच होतं आणि मी ते लेखात सांगितलंच नव्हतं.

मी शाळेत मुलींचा खो-खोचा संघ घेते. मैदान काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा पडतात त्या आम्ही माती टाकून बुजवतो. खांब बाभळीचे. गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात आमची धावणारी मुलगी खांबाजवळ घसरली. शेवटी बसलेल्या मुलीची पाठ तिच्यापासून हातभर अंतरावर होती. हात लांबवून खो म्हटलं असतं तर डाव चालू राहिला असता. पण ती गुडघ्याचं रक्त पाहत बसली, बाकीच्या तिच्याकडं पाहत बसल्या, आणि समोरच्या संघाची पोरगी निवांत पळून गेली. सामना गेला. चार दिवस त्या मुलीनं माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

त्यानंतर एका दुपारी वर्गात मोबाइल माठाला टेकवून मी त्यांना २०१८ ची ३००० मीटर रिलेची उपांत्य शर्यत दाखवली. २७ फेऱ्या, चौघींचा संघ. एक धावत असते तेव्हा बाकीच्या आतल्या बाजूनं फिरत असतात. जिची पाळी येते ती पुढे येऊन खाली वाकते आणि मागची तिला दोन्ही हातांनी ढकलून वेग देते. पहिल्याच बदलाला मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हे त खोच देऊन रायली!” मी काही समजावलं नव्हतं. तिला आपोआप दिसलं.

आणि मग २३ फेऱ्या उरलेल्या असताना कोरियाची ली यू-बिन पडली. वर्गात एकदम शांतता. ली बर्फावर आडवीच होती, पण तिनं हात लांब केला. चोई वळून तिच्यापाशी आली, हाताला हात लागला आणि चोई सुटली. तोवर त्या जवळजवळ अर्धी फेरी मागं पडल्या होत्या. पुढे एकेकीला गाठत त्यांनी ती शर्यत जिंकली, तीही ४ मिनिटं ६.३८७ सेकंदांत, त्या वेळच्या ऑलिम्पिक विक्रमासह. दहा दिवसांनी अंतिम शर्यतही त्यांनीच जिंकली.

गुडघा फुटलेली आमची मुलगी जागची उठली आणि म्हणाली, “तो हात परत दाखवा.” तेवढंच पाच वेळा पाहिलं.

तेव्हापासून आमच्या सरावात मुद्दाम पडणं आलं आहे. धावता धावता मी शिट्टी वाजवते, धावणारी खाली बसते आणि बसल्या जागेवरून जी पाठ हाताला येईल तिला खो देते. आधी हसायच्या, आता हसत नाहीत.

म्हणून बर्फ दाखवून काय मिळणार, या प्रश्नाला माझं उत्तर इतकंच आहे की खो-खो मिळाला. बर्फावर आमच्यातली कुणी जाईल की नाही, त्याचं स्वप्न मी त्यांना विकत नाही. पण दारं अगदीच बंद आहेत असंही नाही. देहरादूनला २०११ मध्ये बांधलेलं बर्फाचं मैदान बरीच वर्षं बंद होतं, तिथं ऑगस्ट २०२५ मध्ये शॉर्ट ट्रॅकची आशियाई स्पर्धा झाली. आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चाकांच्या स्केटवर ३००० मीटर रिलेचं कांस्य आपल्याच चार मुलींनी आणलं. रिले तीच, फक्त बर्फ नाही.

खो-खोवर मी लिहीनच. भारताच्या मुलींनी जानेवारी २०२५ मध्ये पहिला विश्वचषक नेपाळला ७८–४० असं हरवून जिंकला, त्यावर अर्धा लेख तयार आहे. तो पुरा करायला तुमची मदत हवी. तुम्ही लिहिलंय की तरुणपणी तुम्ही जिल्ह्याच्या संघातून खेळलात आणि खांबावरचं वळण ही तुमची खासियत होती. आमच्या पोरी खांब धरून वळताना फार बाहेर फेकल्या जातात, वेग तिथंच मरतो. खांबाला हात लावायच्या आधीचं शेवटचं पाऊल तुम्ही आतल्या पायाचं टाकायचा की बाहेरच्या? रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही मैदानावर असतो. ऊन चढायच्या आत येता आलं तर या, आणि प्रत्यक्षच दाखवा.