‘ऑपरेशनपेक्षा थेंबच बरे होते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचा काचबिंदू खूप पुढे गेलेला होता, माझा लेख वाचून तुम्ही ट्रॅबेक्युलेक्टॉमीला, म्हणजे काचबिंदूच्या ऑपरेशनला होकार दिला, आणि आता दोन महिने उलटले तरी त्यांना पेपर वाचता येत नाही. ‘डॉक्टर लोक ऑपरेशनची भलामण करतात, थेंबच बरे होते,’ हा तुमचा आक्षेप. तुमचा संताप रास्त आहे. तरीही दाब उतरवणाऱ्या थेंबांबद्दलचं तुमचं मत मला पटत नाही.

मोतीबिंदू काढला की दुसऱ्या दिवशी माणसं ओळखू येतात. काचबिंदूच्या ऑपरेशनकडूनही घरचे तीच आशा धरतात. इथे डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून देतात, म्हणजे दृष्टितंतूंना मारणारा डोळ्यातला दाब उतरतो. मेलेले दृष्टितंतू त्याने जिवंत होत नाहीत. उरलेली नजर टिकावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप. हे आधी कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, तर त्या डॉक्टरांना जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आईंचा फील्ड टेस्टचा, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं (दृष्टिक्षेत्र) त्या तपासणीचा कागद काढून बघा. त्यावर काळं म्हणजे गेलेली नजर, पांढरं म्हणजे उरलेली. काळ्या भागाच्या मधोमध पांढरं किती उरलंय? मधोमध थोडंच पांढरं उरलेले पेशंट तक्त्यावरची बारीक ओळ वाचतात आणि उठताना बाजूच्या स्टुलाला अडखळतात. काळं जेव्हा अगदी मध्याला टेकलेलं असतं, तेव्हा ऑपरेशननंतर उरलेली मधली नजर एकाएकी जाण्याचा धोका असतो. तो क्वचितच खरा ठरतो, पण आहे, आणि सही घेण्याआधी तो सांगायलाच हवा.

मात्र दोन महिन्यांनंतरच्या धूसरपणामागे दुसरी कारणंही असू शकतात. दाब फारच उतरलेला असणं, टाक्यांमुळे बदललेला चष्म्याचा नंबर, वाढलेला मोतीबिंदू. यांवर इलाज होऊ शकतो. तेव्हा आजचा दाब किती, पडदा कसा आहे, मोतीबिंदू आहे का, हे याच आठवड्यात जाऊन विचारा.

आता थेंब. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या, पुढच्या टप्प्यातल्या ४५३ पेशंटांवर ‘टॅग्ज’ नावाचा अभ्यास झाला. निम्म्यांना आधी ऑपरेशन, निम्म्यांना आधी थेंब. २०२१ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वर्षांचे निष्कर्ष आले. रोजच्या जगण्यात नजरेमुळे येणाऱ्या अडचणी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच होत्या. दाब मात्र ऑपरेशनवाल्यांचा सरासरी १२.४ आणि थेंबवाल्यांचा १५.१ (मिलिमीटर पारा). पाच वर्षांनी पाहिलं, तेव्हा दृष्टिक्षेत्र ऑपरेशनवाल्यांचं जास्त टिकलेलं होतं. म्हणजे दोन वर्षांतसुद्धा जो फायदा पेशंटला जाणवत नाही, तो दोन महिन्यांत कुठून दिसणार? शिवाय थेंब म्हणजे रोज, न चुकता, जन्मभर. थरथरत्या हाताने ते डोळ्यात नीट पडतातच असं नाही, आणि महिन्याचा खर्च वेगळा.

आणि एक, ताई. काचबिंदू सख्ख्या नात्यात जास्त आढळतो. आईंना दाखवायला न्याल, त्याच दिवशी तुमचा आणि भावंडांचाही दाब आणि डोळ्यातली नस तपासून घ्या.